घड्याळ एक, प्रवासी साठ

मोरोक्कोतल्या उजदाच्या बस अड्ड्यावर बोलवा होती की लल्ला हनिया, म्हणजे हनियाबाई, रोज्यात डुलक्या घेते आणि तिकिटांवर भलत्याच वेळा टाकते. बस चारची, तिकिटावर पाच. माणसं पाचला येणार, बस केव्हाच गेलेली, मग इफ्तार अड्ड्यावरच्या बाकावर.

खोटं आहे. वेळ हाताने कोणीच टाकत नाही. ती टाकतो हनियाने लिहिलेला प्रोग्राम. एकोणीस वर्षं खिडकीत तिकिटं फाडल्यावर ती हे काम शिकली. चूक तिचीच, पण नोव्हेंबरातली. फ्रान्समधल्या लिलहून तिकीट काढणाऱ्यांना तिथली वेळ दिसावी म्हणून प्रोग्राम अख्ख्या सर्व्हरचं घड्याळ क्षणभर फ्रान्सवर फिरवायचा, की लगेच मागे. नेमक्या त्या क्षणी उजदातलं कोणाचं तिकीट निघालं, तर त्यावरही फ्रान्सचीच वेळ. हिवाळ्यात दोन्हीकडे वेळ सारखी, म्हणून कळलं नाही. दरवर्षीप्रमाणे रमजानसाठी मोरोक्कोचं घड्याळ तासभर मागे गेलं आणि बिंग फुटलं.

हनियाला हे उमगलं, पण बसचे मालक सी ब्राहिम, म्हणजे ब्राहिमसाहेब, ऐकेनात. "मागच्या आठवड्यातही 'झालं दुरुस्त' म्हणालात, लल्ला. आधी चूक डोळ्यांनी दाखवा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर तिकिटांची साइट कासाब्लांकाच्या कंपनीकडे आणि तुम्ही परत खिडकीत."

तिने चाचणीच्या साइटवर एकटीने शंभर तिकिटं काढली. शंभरही बरोबर. एकटीने काढल्यावर दोन तिकिटं एकाच क्षणी निघणार कशी?

"मग गर्दी आणते," ती म्हणाली आणि लिलला राहणाऱ्या वहिनीला फोन लावला. "वहिनी, बायका गोळा करा. गुरुवारी आमच्या तीनला, तुमच्या चारला चाचणीच्या साइटवर तिकिटं काढायची."

"अगं, इफ्तारचं हरीरा सूप कोण ढवळणार?"

"एका हाताने ढवळा. दुसरा हात रिकामाच असतो ना?"

इकडे उजदातल्या शेजारणींनाही तिने तीच वेळ दिली. मी तिची भाची, मी म्हटलं, "खाला, लग्नात फोटोसाठी या एका ओळीत उभ्या राहत नाहीत. एकाच मिनिटाला साठजणी? लाव पैज."

तिने लावली.

गुरुवारी तीनला साठ तिकिटं निघाली. सी ब्राहिम यांनी स्वतःच्या फोनवर चारच्या बसचं तिकीट काढलं, तिकिटावर पाच उमटलं. त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

"दुरुस्ती?"

"लिहून ठेवलीय. ज्याचं घड्याळ त्याच्या तिकिटाबरोबर, सगळ्यांच्या घड्याळाला कोणी हात लावायचा नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

ते हो म्हणाले.

मी हरले. ठरलं होतं, हरले तर मी घरभर करत फिरते ती तिच्या आवाजाची नक्कल ईदपर्यंत बंद. म्हणून तिचं 'मग गर्दी आणते' हे इथे नुसतं लिहून सांगावं लागतंय.