वहिनींनी उसवून शिवलेली चाल

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळी नाटकमंडळी ‘इंचटेप’ म्हणतात. पाठीमागे. तोंडावर सगळ्यांच्या त्या ‘वहिनी’. गळ्यात टेप नसलेल्या वहिनी मी फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिल्या आहेत. अठरा वर्षं त्या मंडळीचे कपडे शिवतात आणि अठरा वर्षं नाटकाच्या पत्रकावर ‘वेशभूषा : संस्था’ असं छापून येतं. मी घरी बसून लोकांचे प्रबंध टाइप करून देते आणि मंडळीचं पत्रकही मीच करते, म्हणून सांगते. ती ओळ मला कधी खटकली नव्हती, हेही आत्ताच कबूल करून टाकते.

कपड्यांच्या खोलीत, कोटांच्या रांगेमागे, मंडळीचा एक जुना सिंथेसायझर पडलेला असायचा. नट लोक माप द्यायला कधी वेळेवर येत नाहीत. त्या वाट बघण्यात वहिनी आधी एका बोटाने, मग एका हाताने आणि मग दोन्ही हातांनी वाजवायला शिकल्या. मला ते माहीत होतं, आणि मी त्याची यथेच्छ टिंगल करायचे. जावा जावा म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

यंदाच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश बिनशब्दांचा होता. म्हातारा घड्याळजी दुकान कायमचं बंद करून निघून जातो. तीन मिनिटं कुणी काही बोलत नाही, सगळा भार संगीतावर. आणि संगीत देणारा गृहस्थ ऐन तालमींत दुसऱ्या गावी नोकरीला निघून गेला. दिग्दर्शक म्हणाले, नेटवरून काहीतरी उतरवून घेऊ. तेव्हा कोपऱ्यात काजं करत बसलेल्या वहिनी म्हणाल्या, “माझ्याकडे एक चाल आहे. मी देऊ का करून?”

सगळे हसले. दिग्दर्शक तेवढे हसले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. लहान मुलाला समजावतात तशा आवाजात ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही कपड्यांचं बघा.”

वहिनींनी दोरा तोडला. “शनिवारी चारला रंगीत तालीम आहे ना? त्याआधी देते. नाही दिली तर तुमचं ते उतरवलेलं लावा.”

पत्रकाचा मजकूर घ्यायला गेलेली मी तिथेच होते, माझं डोकं फिरलं. जाऊबाईंची टिंगल करायचा हक्क माझा आहे, ह्यांचा नाही! तरी घरी येताना मी म्हटलंच, “वहिनी, कशाला हात दाखवून अवलक्षण?”

“तुझा कॉम्प्युटर लागेल,” एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारी सिंथेसायझर माझ्या खोलीत आला. एक केबल लावून तो कॉम्प्युटरला जोडला, फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर चढवलं. वहिनी वाजवू लागल्या तसतशा पडद्यावर रंगीत काड्या उमटत गेल्या. मी खूश. परत लावून बघितलं तर चिडीचूप. काड्या दिसताहेत, आवाज नाही. मी मंगळवारचा अख्खा दिवस माहितीपुस्तकात डोकं घालून बसले, तेव्हा कुठे उजेड पडला.

“वहिनी, ह्या मिडी नावाच्या प्रकारातून आवाज जातच नाही. कुठलं बटण, कधी, किती जोरात दाबलं, कधी सोडलं, एवढंच जातं. आवाज कॉम्प्युटरमधला निवडायचा.”

“म्हणजे कापड जात नाही, नुसती मापं जातात,” वहिनी म्हणाल्या. “मग बरंच आहे की. कापड मागाहून ठरवू.”

मला जे कळायला दिवस लागला ते त्यांनी एका वाक्यात गुंडाळून ठेवलं. आम्ही पियानोचा आवाज निवडला. आणि मग खरी गंमत सुरू झाली.

सिंथेसायझरला पायाशी एक पेडल असतं. दाबलं की सूर रेंगाळतो, सोडलं की थांबतो. वहिनींची सगळी चाल त्या रेंगाळण्यावर उभी होती. पण वाजवलं की सगळे सूर एकमेकांत कालवल्यासारखे. जिथे लांबायला हवेत तिथे पटकन तुटायचे, जिथे थांबायला हवेत तिथे घोंगावत राहायचे. बुधवारी आम्ही दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, पेडल गेलंय. नवं आणलं. तोच गिचका.

गुरुवारी वहिनी वैतागल्या. “हे ऐकवत नाही मला,” म्हणत त्यांनी सिंथेसायझरचा आवाजच पूर्ण बंद केला आणि डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. खोलीत नुसती बटणांची टकटक. पण त्यांचा चेहरा मी बघत होते. त्यांना ऐकू येत होतं. कॉम्प्युटर ते टिपून घेत होता. मागाहून लावून पाहिलं, तर गिचका होताच.

शुक्रवारी दुपारी मंडळीचा टेम्पो आला. त्यांना सामान थिएटरवर न्यायचं होतं. ज्याच्यावर मंडळीचा शिक्का ते सगळं हमालांनी उचललं, त्यात सिंथेसायझरही गेला. त्याच्या स्टँडवर फळी टाकून घड्याळजीचं टेबल करायचं होतं म्हणे! वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. मग आत गेल्या आणि घड्याळजीच्या कोटाचं अस्तर शिवायला मशीनवर बसल्या. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी चहा करून नेला, जे मी सहसा करत नाही.

आणि तिथे मी बघितलं. चहा पिऊन वहिनी पुन्हा मशीनवर बसल्या, दोन्ही पाय पायडलवर ठेवले, मग हात चाकाला लावला. आधी पाय, मग बाकी सगळं. तीस वर्षांची सवय.

मी किंचाळलेच. माहितीपुस्तकात एक ओळ होती: ‘सिंथेसायझर चालू करताना पेडलवर पाय नसावा, अन्यथा पेडल उलटं चालेल.’ वाचताना मी हसले होते, की चालू करायच्या आधीच पाय कोण ठेवेल? आमची ही बाई रोज ठेवत होती! कपड्यांच्या खोलीत तो कोटांमागे हात घालून उभ्यानेच चालू करावा लागे, म्हणून तिथे असं कधी झालं नव्हतं.

“वहिनी, तुमचा पाय! तुम्ही दाबलं की ते सुटलं समजायचं, आणि सोडलं की दाबलं!”

वहिनींचं मशीन थांबलं. “आता कळून काय उपयोग? तो पेटारा तर टेम्पोतून गेला.”

बरोबरच होतं, वरातीमागून घोडं. वहिनी मात्र अस्तर चिमटीत धरून तशाच बसून राहिल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, “तू म्हणालीस ना, की त्यात नुसती मापं असतात?”

“हो.”

“मग कालचं आहे ना तुझ्याकडे? ते माप चुकलेलं नाही. पाय तेवढा उलट्या बाजूने शिवला गेलाय. उसवू आणि सरळ करू.”

काड्यांच्या खाली पेडलची एक रेघ होती, वर-खाली, वर-खाली. चौऱ्याण्णव ठिकाणी. एका झटक्यात उलटं करायचं काही बटण असेलही, मला सापडलं नाही. मी एकेक जागा मोठी करून वरचं खाली ओढत गेले, खालचं वर. वहिनी शेजारी खुर्चीवर, डोळे मिटून, मोकळ्या फरशीवर पाय आपटत. “इथे दाब. इथे सोड. नाही, थोडं अलीकडे. अगं, अर्धं सूतभर!” संध्याकाळी निम्मं झालं, शनिवारी सकाळी उरलेलं. अकरा वाजता आम्ही ते लावलं. ऐकून मी रडले. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, “बसलं अंगावर.”

चार वाजता रंगीत तालीम सुरू झाली. पेनड्राइव्ह मी स्वतः ध्वनिवाल्याच्या हातात दिला होता. शेवटच्या प्रवेशात आमचे बुजुर्ग नट रोज अडीच मिनिटांतच घाईने निघून जायचे. आज पहिले सूर आले आणि ते चमकले. चाल त्यांच्या पावलांबरोबर चालत होती. त्यांचा डावा पाय जरा ओढतो, म्हणून त्या बाजूची विजार अर्धा इंच आखूड शिवणारी बाई ही, तिला ती पावलं पाठ असायचीच. दाराशी ते थांबले, कडीवर हात ठेवून शेवटचा सूर विरेपर्यंत उभे राहिले, आणि मग गेले. दिवे मालवले. मग टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला, तोही आमच्याच माणसांचा, जे एकमेकांसाठी कधी टाळी वाजवत नाहीत.

दिग्दर्शकांनी ध्वनिवाल्याला विचारलं, “हे कुठून उतरवलं?”

“उतरवलेलं नाही,” मी मागून ओरडले. “वहिनींनी केलंय!”

ते विंगेत गेले. वहिनी कोटाच्या बाहीला टाचण्या लावत होत्या, चार टाचण्या ओठांत, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. “वहिनी, त्या दिवशी मी चुकलो,” सगळ्यांच्या देखत ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “पत्रकातली एक ओळ बदलायला हवी.”

“दोन,” मी म्हटलं, आणि पर्समधला कागद काढून दिला. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनीच टाइप केला होता. वेशभूषा आणि संगीत, दोन्हींपुढे वहिनींचं नाव. स्वतःचं, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं पूर्ण.

वहिनींनी टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. कागद हातात घेतला, दिव्याखाली धरला. मग गळ्यातला टेप काढून त्यांनी आपल्या नावावर लावला.

“सव्वातीन इंच,” त्या म्हणाल्या. “एवढी जागा होती की गं पत्रकात!”