बारक्या गावची अध्यक्ष

“सगळ्यात बारकं गाव, आन् दूधसंघाची अध्यक्षीण तिथलीच!” मलकापूरच्या एसटीत मागच्या सीटवर बसलेले संघाचे एक संचालक हसले. माझ्या शेजारच्या काकूंनी फक्त पदर सारखा केला. अध्यक्ष म्हणून आज त्यांची पहिली सभा होती. मांडीवर बोटांनी ठेका धरून त्या मघापासून काहीतरी पुटपुटत होत्या.

मग माझ्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातल्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. “ह्यो कोन, बाळ?”

अनोळखी माणसांशी मी सहसा बोलत नाही. तरी हळूच सांगितलं, “नॉर्वे या छोट्या देशाचे पंतप्रधान होते. पुढे कितीतरी देशांच्या संघटनेचे प्रमुख झाले. मुदत संपली की सगळे त्यांनाच थांबवून घ्यायचे.”

“मोठ्यांचं एकमेकात पटत न्हाय, म्हनून बारक्याला बसवत्यात,” काकू म्हणाल्या. “पर बसल्यावर बोलाय लागतंय की.”

स्टँड आला. संचालक उठले. “वैनी, तुमी नुसतं बसा. भाषन मी ठोकतो.”

“माझं पाठ हाय,” म्हणत काकू ताठ मानेनं उतरल्या.

मला इतका अभिमान वाटला की भरल्या गाडीत मी खिडकीतून ओरडले, “अध्यक्षबाई, मोठ्यानं बोला!”