शिशाचं काम

भीमरावच्या हातातून तिसऱ्यांदा कानस पडली, तेव्हा मी ओरडलो, "लक्ष कुठं आहे तुझं?"

"हातच उचलत नाही साहेब." त्याचं उजवं मनगट खाली लोंबत होतं. "आठ दिस झाले, पोटातही कळा येऊन राहिल्या."

भेस्तानच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्या पुन्हा मूळ रूपात आणतात. मी तिथला मॅनेजर. भीमराव यवतमाळचा, पत्राकामात आमचा सगळ्यात चांगला डेंटर. तेव्हा हातात होती पलसाण्यातल्या एका मिलवाल्या गुजराती शेठची साठेक वर्षांची विलायती गाडी. गोल मडगार्ड, स्टिअरिंगलगत गिअर. त्या काळी पत्र्याचे सांधे कारखान्यातच वितळलेल्या शिशाने भरत. पुट्टी नंतर आली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना मात्र मूळचं तेच लागतं.

"पुट्टी नथी जोइती," शेठने बजावलं होतं. "जसं होतं तसंच पाहिजे. आणि जुन्या गाड्यांच्या शोच्या आधी."

शिसं टॉर्चने मऊ करायचं, लाकडी फळीने पसरवायचं, मग कानशीने घासून पत्र्याला सारखं करायचं. कानशीचा चुरा जाड असतो, खाली पडतो. पण वेळ फार लागतो. शोला तीनच आठवडे उरले, तेव्हा मी भीमरावच्या हाती ग्राइंडर दिला. ग्राइंडरने शिशाची बारीक पूड हवेत उडते. ती श्वासातून अंगात जाते. हे मला माहीत होतं. "नाकाला रुमाल बांध," एवढंच म्हणालो. त्याने बांधला.

हॉस्पिटलमध्ये रक्ताचा रिपोर्ट आला. शिशाची विषबाधा.

"घरी कोण असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बायको अन् चार वर्षांची पोरगी."

"कामाचे कपडे घरी धुता?"

"हो. दारात पाय ठेवला की पोरगी अंगालेच बिलगते."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "उद्या तिला घेऊन या."

पोरीच्या रक्तातही शिसं निघालं. वॉर्डबाहेर भीमरावची बायको, सुनीता, माझ्यासमोर उभी राहिली. "साहेब, हे असं होते, तुमाले माहीत होतं का?"

"हो," मी म्हणालो.

ती पोरीला कडेवर घेऊन आत गेली.

औषधांनी दोघांच्या रक्तातलं शिसं उतरलं. भीमरावचं मनगट निम्मंच सुधारलं, हातोडा काही धरवेना. पोरीच्या डोक्यावर काय परिणाम झाला, ते शाळेत गेल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. महिनाभराने तिघं यवतमाळला परतले.

गाडी दुसऱ्या डेंटरने पूर्ण केली. शोमध्ये तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी सांध्यांच्या कामाचं खास कौतुक केलं. शेठने फोटो पाठवला. मी तो भीमरावला पाठवला नाही.

आता आमच्याकडे शिशावर ग्राइंडर चालत नाही. मास्क असतो, कामाचे कपडे वर्कशॉपमध्येच धुतले जातात. नियम साधे आहेत. तेव्हाही तेवढेच साधे होते.