नेलपॉलिशची रेघ

माहुलीच्या पुलाच्या अलीकडं गाडीच्या तापमानाचा काटा पहिल्यांदा लाल रेघेला टेकला, तेव्हा नवरा शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. त्याचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, साताऱ्यात. कोरेगावातून त्याला नेणार आम्ही दोघी, मी आणि आमची जुनी गाडी. मी गाडी शिकले तीच त्याच्या किडन्या गेल्यावर.

प्यायलेलं पाणी त्याच्या अंगातच राहतं, त्यामुळं जाताना त्याला धाप लागलेली असते. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि इंजिन निवायची वाट बघत उभी राहिले. आत तो एकेक श्वास ओढत होता. सासरे सांगलीला नणंदेकडं गेलेले, बोलवायचं तरी कोणाला? एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

गॅरेजवाल्यानं पाइप चाचपले, रेडिएटर पाहिला, खाली वाकून पाहिलं. कुठं थेंब नव्हता. त्यानं नवं कूलंट भरलं आणि म्हणाला, "थोडं थोडं जातंय, वैनी. बाटलीवर खूण करा आन रोज सकाळी बगा, किती उतरतंय."

मी कूलंटच्या बाटलीवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. ब्रश हातात होताच, म्हणून नवऱ्याच्या पाण्याच्या बाटलीवरही ओढली. डॉक्टरांनी दिवसाला जेवढं पाणी सांगितलं होतं, तेवढं सकाळी त्या रेघेपर्यंत भरायचं आणि त्याच्यावर त्यानं दिवस काढायचा.

पण रोज सकाळी बॉनेट उघडावं तर कूलंट बरोबर रेघेवर. "मग गळतीच न्हाई, वैनी," गॅरेजवाला म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं की बाईच्या डोक्यात काहीतरी गळतंय असं त्याला वाटतंय. तरी गाडीत बसलं की गोडसर वास यायचा, काच आतून धुरकट व्हायची, नवऱ्याच्या पायाखालची मॅट दमट लागायची. मी गॅरेजवाल्याला नाही नाही ते बोलले. माझा राग तसाही नाकावरच असतो.

नवऱ्याशीही रोज भांडण. सेंटरवर वजन केलं की पाणी जास्तच भरलेलं असायचं. नर्स त्याला बोलायची आणि बघायची माझ्याकडं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर याच्या हृदयाला झेपणार नाही. घरी मात्र संध्याकाळी त्याच्या बाटलीत घोटभर पाणी शिल्लक असायचं. "ही बाटली सोडून थेंब घेत नाही," तो म्हणायचा. "तुला संशयाचं खूळ लागलंय. आधी गाडीवर, आता माझ्यावर." कुठंतरी पाणी मुरत होतं, पण कुठं ते सापडत नव्हतं.

एका सकाळी रेघ बघताना माझं लक्ष रंगाकडं गेलं. भरलं तेव्हा कूलंट पोपटी होतं. आता ते पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेल्या पन्ह्यासारखं दिसत होतं. म्हणजे ते गळत होतं, आणि कोणीतरी भरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत खाली आले. बॉनेट उघडं होतं आणि सासरे तांब्या घेऊन आत वाकले होते. एसटीत ड्रायव्हर होते ते, उभी नोकरी सांगली-सातारा रस्त्यावर गेली.

"मामा, हे काय करताय?"

"काय म्हंजी? गाडीला पानी दावतोय. रोजच दावतो. पानी बगितल्याबिगर गाडी भाईर काडायची न्हाई, ही आमची नोकरीपास्नंची शिस्त. मी लेकीकडं गेल्तो तवाच तापली न्हवं का ती?"

"मग मला सांगायचं तरी."

"त्यात सांगायचं काय हाय? आन तूच रेघ मारलीस की. म्हटलं, हितवर भरायचं आसंल."

खरं तर मी हसायला हवं होतं. पण तशी रेघ मी आणखी एका बाटलीवर ओढली होती.

"मामा," मी विचारलं, "ह्यांच्या बाटलीत पण भरता?"

त्यांनी बॉनेट हळूच खाली घेतलं.

"दुपारीच खडखडीत रिकामी आसती. पोरगं व्हट चाटत बसतंय. बगवत न्हाई, बाय."

"त्यानं ते मरतील, मामा."

"ठावं हाय," ते म्हणाले. "पर तानेल्याला न्हाई म्हनायला जीभ रेटत न्हाई."

गॅरेजवाल्याला बोलले तसं या माणसाला बोलता येत नव्हतं, आणि राग तर डोक्यात मावत नव्हता.

त्यानंतर दोन्ही बाटल्यांना माझ्याशिवाय कोणी हात लावला नाही. कूलंट रेघेच्या खाली उतरायला लागलं. गॅरेजवाल्यानं डॅशबोर्ड उघडला, तर आतली हीटरची जाळी झिरपत होती आणि सगळं पाणी मॅटमध्ये जिरत होतं. त्यानं दोन पाइप परस्पर जोडून हीटरच बाजूला काढला. "आपल्याकडं हीटर लागतोय कुणाला?" म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. तसं त्याला म्हटलं, तर तो नुसता हसला.

पुढच्या खेपेला आम्ही निघालो तेव्हा सासरे सवयीनं भरला तांब्या घेऊन आले. बॉनेट उघडून त्यांनी पाहिलं. कूलंट रेघेवर होतं, कोणी न भरता. ते खिडकीशी आले. नवऱ्याचे ओठ पांढरे पडलेले. त्यानं काच खाली घेतली.

"आबा," तो म्हणाला, "घोटभर."

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मुलाकडं पाहत त्यांनी तो तांब्या पुढच्या चाकावर हळूहळू पार रिकामा केला.

"जावा आता," ते म्हणाले. "उशीर हुतोय."