सिल्लोडच्या जीपमधला खोटा प्रवासी

मोबाईल गेम खेळणारा माणूस कुठला निर्णय का घेतो, याचं गणित मांडायचा मला पगार मिळतो. रिकाम्या गेममध्ये कुणी येत नाही, म्हणून आम्ही आधी दोन-चार खोटे खेळाडू बसवून ठेवतो. या शोधाबद्दल ऑफिसात केक कापला होता.

शनिवारी मी हर्सूल नाक्यावरून काळ्या-पिवळ्या जीपनं सिल्लोडला घरी जातो. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि आधी बसणारा सगळ्यात जास्त उकडून निघतो. म्हणून सगळे चहाच्या गाड्यापाशी उभे. मग सफारी सूटमधला एक वयस्कर गृहस्थ पुढच्या सीटवर ऐटीत बसायचा आणि सारखं घड्याळ बघायचा. नवखे लोक घाईनं चढायचे, त्यांच्यामागं आम्ही. जीप भरली की हा उतरून मागच्या जीपमध्ये.

"काका, तुम्हाला जायचंय तरी कुठं?" मी एकदा विचारलं.

"मला कुठं जायचंय? मी बसतो म्हनून तुमी जाता."

गेल्या शनिवारी मात्र त्याच्या मांडीवर पिशवी होती. "आज खरंच जायचंय. बहीण लई आजारी हाय," तो सांगत होता.

"काय ॲक्टिंग करतो राव," म्हणत नेहमीच्यांनी आणखी चहा मागवला. ते हसताना बघून नवखेही चढेनात. अर्ध्या तासानं ड्रायव्हरनं कुठून तरी इस्त्रीच्या शर्टातला एक अनोळखी माणूस आणून काकांच्या शेजारी बसवला. त्यानं घड्याळ बघितलं आणि आम्ही सगळे भराभर चढलो. जीप भरली, तसा तो नवा माणूस उतरला.

सोमवारी ऑफिसात मी सुचवलं, खोटे खेळाडू अधूनमधून बदलत जावेत. पुन्हा केक कापला.