चिंच लावलेलं नाणं

माझं बारामतीत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराई सोडली तर आता दिवसभर माशा मारायच्या. पण जुन्या भांड्यांची मोड अजून येते. फुटके हंडे, गळके बंब, दांडी तुटलेल्या पळ्या, आणि त्या पोत्यातून कधीमधी एखादं जुनं नाणं घरंगळतं. बायाबापड्या तेही तांब्याच्या भावात घालून मोकळ्या होतात. माझा नाद तिथून लागला. बायको म्हणायची, लोकांनी टाकलेलं उचलून कपाटात कुलपात ठेवणारा दुकानदार अख्ख्या पेठेत एकटाच. खोटं नव्हतं.

यातून मिळतं काय, असं लोक विचारतात. विचारणाऱ्याचा डोळा किमतीवर असतो, आणि माझं डोकं फिरतं. अहो, दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बाजारात मुठीत धरलेला पैसा आज माझ्या मुठीत येतो, आणखी काय मिळायचं राहिलं? धोका मात्र आहे, आणि तो मी लपवत नाही. निमगाव केतकीच्या बाजारात एकानं मला शिशावर मुलामा दिलेलं नाणं चांदीचं म्हणून गळ्यात मारलं. जन्म धातूत गेलेला मी, आणि कडेचा सांधा घरी आल्यावर दिसला! शिवाय रानात सापडलेलं सरकारला कळवावं लागतं. कळवतं कोण? आणि न कळवलेलं घेणारे आमच्यासारखेच. पण हे सगळं परवडलं. माझ्या हातून जे झालं ते कुठल्याच पुस्तकात धोका म्हणून लिहिलेलं नाही.

शेळगावचे एक आबा माझं जुनं गिऱ्हाईक. डाळिंब आणि पेरूची बाग, राबून काळे पडलेले हात, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शेततळं खणताना त्यांना एक नाणं सापडलं. रुमालात बांधून ते माझ्याकडं घेऊन आले. हिरवंगार, बोटाच्या पेराएवढं, एका बाजूला हत्तीसारखं काहीतरी आणि कडेनं अक्षरं. किमतीचा शब्द त्यांनी काढला नाही.

"वाचून तेवढं सांगा," ते म्हणाले. "आमच्या रानात आमच्या आदी कोण हुतं, एवढं कळू द्या."

मी आधी रीतीचं बोललो, तलाठ्याला कळवायला हवं म्हणून. ते म्हणाले कळवू की, पण वाचून झाल्यावर. माझ्याकडं दोन पुस्तकं होती आणि जुन्या अक्षरांचा एक तक्ता. तेवढ्या भांडवलावर मी ऐटीत म्हणालो, आठ दिवस ठेवा माझ्यापाशी.

त्याच दुपारी मी घाण केली. आमच्या धंद्यात हिरवं पडलेलं तांबं दिसलं की हात आपोआप चिंचेच्या वाटीकडं जातो. ती वाटी गादीशेजारीच असते. गिऱ्हाइकाला कळकट भांडं परत द्यायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. मला वाटलं, जरा उजळलं की अक्षरं नीट लागतील. चिंच-मीठ लावलं, अंगठ्यानं चोळलं, पाण्यात बुचकळलं. हिरवं निघालं, आणि त्याच्याबरोबर अक्षरंही निघाली. अक्षरांचं तांबं कधीच कुजून हिरवं झालं होतं. त्या हिरव्या थरानंच एवढी वर्षं ती अक्षरं धरून ठेवली होती. माझ्या हातात गुळगुळीत, चकचकीत चकती उरली. हत्तीची पाठ तेवढी दिसत होती.  एवढी वर्षं मातीनं सांभाळलेलं मी एका घंगाळभर पाण्यात घालवलं.

आठव्या दिवशी आबा आले. मी पुस्तकातल्या एका राजाचं नाव ठोकून दिलं. आबांना फसवून मला काही मिळायचं नव्हतं. त्यांच्या नजरेतून उतरायची भीती वाटली, बस्स. नाणं एवढं चकचकीत कसं, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या हातून भांडं उजळूनच परत जातं हे त्यांना ठाऊक होतं, आणि अक्षरं वाचून झाली म्हणजे त्यांचं काम झालं असं त्यांनी धरलं असावं. त्यांनी ते नाव तीन वेळा माझ्यापाठोपाठ म्हटलं, तोंडपाठ व्हावं म्हणून. आणि मी वर हेही सुचवलं की आता तलाठ्याचं राहू द्या, उगाच हेलपाटे कशाला. नाणं जाणकाराच्या हाती पडलं तर माझं बिंग फुटलं असतं.

पुढं काही महिन्यांनी गावानं देवळाचा मंडप रंगवायला काढला. त्या राजाच्या काळापासून आपलं गाव आहे असा फलक देवळावर लावायचं ठरलं. पुरावा कुणी मागितला नाही. आबांचा शब्द म्हणजे त्या गावात शेवटचा शब्द. फलकावरचा पडदा मी काढावा म्हणून आबा स्वतः आमंत्रण घेऊन दुकानात आले. मी काहीतरी पुटपुटलो. उद्या कुणी शिकलेला माणूस त्या फलकाखाली उभा राहून नाणं मागेल आणि हसेल. मग सत्तरी उलटलेला हा माणूस भर गावात खोटा पडेल. जेवण जाईना. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एसटी धरून शेळगाव गाठलं.

बांधावर बसून सगळं सांगितलं, चिंचेपासून नावापर्यंत. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी शिव्यांची वाट बघत होतो, त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुसायच्या आदी अक्षरं दिसत हुती न्हवं?" त्यांनी विचारलं.

दिसत होती, मी म्हणालो.

"मंग काढून दावा."

त्यांनी तळहातानं माती सारखी केली आणि मला काटकी दिली. मी एक अक्षर काढलं, बेरजेच्या चिन्हासारखं. पुढं हात चालेना. अर्धा दिवस ते नाणं माझ्यासमोर होतं आणि मी ते धड पाहिलंच नव्हतं. आबा खाली वाकून त्या एका अक्षराकडं बघत राहिले.

"हे तरी खरं हाय का?"

मला तेही सांगता आलं नाही.

ते उठले, टोपी झटकून घातली आणि चला म्हणाले. देवळापाशी पेंटर खडूनं फलकावर रेघा आखत होता, चार-पाच जण बघत उभे होते. आबा सरळ त्याच्यापुढं जाऊन थांबले.

"नाव लिहू नगा," ते म्हणाले. "वय झालं माझं, माझ्याच डोस्क्यात घोळ झाला. ह्यांनी तसं काय सांगितलं न्हवतं."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आबा आता चळले, असं कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. आबांनी मान खाली घातली. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, हाताच्या अंतरावर. बोलायला भरपूर वेळ होता. मी बोललो नाही.