मनुवहिनीचा समलंब चौकोन

माझा थोरला भाऊ आकाराम एकाहत्तरच्या लढाईत गेला. तार आली तेव्हा मनुवहिनी चुलीपुढे होती. तिनं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. रडली नाही. पुढेही कधी नाही. हाक मारली की 'जी' म्हणायची आणि सांगितलेलं काम करायची, बस्स.

दोनेक वर्षांनी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फर्मान काढलं: माझा धाकटा भाऊ भाऊसो, त्याच्याशी वहिनीचा पाट लावायचा. घरातली सून घरातच राहील. तिला कुणी विचारलं नाही. मी मॅट्रिक झालेली, त्यात तोंडाची फटकळ. आबांशी कडाकडा भांडले. शेवटी ते एवढ्यावर आले, की वहिनी सातवी पास झाली तर सांगलीला बालवाडीच्या बाईंच्या ट्रेनिंगला जाईल. नापास झाली तर पाट.

मग मी हात धुऊन तिच्या मागे लागले. मराठी जमलं. क्षेत्रफळाचं सूत्र तर ती भांडी घासताना म्हणायची: समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची, भागिले दोन. चेहरा मात्र कोराच.

कडेगावच्या केंद्रावरून परीक्षा देऊन आली, तसा मी तिच्या हातातला पेपर ओढून घेतला. समलंब चौकोनी शेत दिलेलं, उंची चार, तिरकी बाजू पाच.

"उंची किती धरलीस?"

"पाच."

"अगं वयनी, पाच ही तिरकी बाजू! उंची आतनं मोजायची, सरळ."

"रानाला उंची कसली, आक्काताई? मामंजींसंगं दोरी धरून बांधावरनंच मोजत आलोय आमी. उभ्या उसातनं कोण दोरी नेतंय?"

हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना. तिचं काही खोटं नव्हतं. पण पेपर तपासणाऱ्याला आमचा ऊस थोडाच दिसणार होता!

गणितात दोन गुण कमी पडले. पुन्हा बसू द्या म्हणून मी आबांच्या पाया पडले. "ठरलं त्ये ठरलं," म्हणाले.

पाटाच्या दिवशी तिला लुगडं नेसवताना मला हुंदका आवरेना. राग तर सगळ्यांचाच आला होता. आबांचा, पेपर काढणाऱ्याचा, हिच्या गप्प बसण्याचाही.

"वयनी, येकदा तरी न्हाई म्हण की गं!"

तिनं पदरानं माझेच डोळे पुसले.

"रडू नगा, आक्काताई. ह्यो बी तुमचाच भाऊ हाय की."